डेलचे महिने

डेल केरानेनच्या तोंडात पुढचे दात नव्हते. काही हॉकीच्या बर्फावर सांडले होते, उरलेले त्याच्या सख्ख्या भावाने पाडले होते. हसला की तो तान्ह्या बाळासारखा दिसायचा; पण तो हसायला लागला की समोरचा माणूस आपसूक मागे सरकायचा.

गावच्या संघात त्याला एकच काम होतं. गोल करायचा थोरला भाऊ, रॉडनी. रॉडनीला कुणी कोपर मारलं की डेल हातमोजे भिरकावायचा, त्या माणसाचा सदरा त्याच्याच डोक्यावरून ओढायचा आणि आत गुरफटलेल्या तोंडावर मोकळ्या हाताने ठोसे घालायचा. पंचांनी ओढून नेलं की शिक्षेच्या खोक्यात जाऊन बसायचा. मी रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, खिडकीत कॉफी विकायचे, खोका माझ्या शेजारीच होता.

"डेल, नाक तुटलंय रे तुझं."

"तुटू दे. रॉडने मारला का गोल?"

"मारला."

"मग एक कॉफी दे. साखर सढळ हाताने घाल."

रॉडनीचे फोटो रिंकच्या भिंतीवर लागले. डेलचं रक्त बर्फ घासणाऱ्या यंत्राने खरवडून नेलं. त्याची त्याला खंत नव्हती. निदान तोवर तरी नव्हती.

हिवाळाभर तो रस्तेखात्याचा, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक चालवायचा. सुपीरियर सरोवरावरून बर्फ यायला लागलं की घरांच्या खिडक्या गिळूनच थांबतं. मग पुढे बर्फ ढकलणारा नांगर, मागे मीठ उडवणारी गरगर चकती आणि वर बिनदातांचा डेल. लग्न केलं नाही. आईजवळ राहायचा, शनिवारी साउनात, वाफेच्या खोलीत, बसायचा, रविवारी चर्चमध्ये पेंगायचा.

आणि मग ती गाडी.

तांब्याची खाण बंद पडली तेव्हा डेलचा बाप, ऑर्व्हो, गाड्यांच्या कारखान्यात राबायला डेट्रॉइटला गेला. परतला तो एक निळी स्पोर्ट्स कार घेऊन. बुटकी, लांब नाकाची, दोघांपुरती, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. त्याची बायको सेल्मा दारातच उभी राहिली.

"आणि शेगडी? शेगडी आणणार होतास."

"शेगडी पळते का?" ऑर्व्हो म्हणाला.

त्या गाडीचा नियम आमच्या गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होता. रस्त्यावर पहिलं मीठ पडलं की गाडी बटाट्याच्या कोठारात. चाकं काढून ठोकळ्यांवर चढवायची, उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळ्यांत तारेचे बोळे कोंबायचे, बॅटरी घरात, वर चादर. वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघाले की मगच बाहेर. हिवाळ्यात चालवायची की ठेवायची, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारतच नसे. मीठ गाडीला खालून खातं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दुखण्यात ऑर्व्होने एका शनिवारी दोन्ही पोरांना साउनात बसवलं. तापल्या दगडांवर पाण्याची पळी ओतली आणि वाफेतूनच बोलला, "बर्फ वितळल्यापासून मीठ पडेपर्यंत गाडी रॉडनीची. मीठ पडल्यापासून बर्फ वितळेपर्यंत डेलची." का, ते सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी तो नव्हता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. सेल्मा वेलदोड्याच्या पावाची ताटं फिरवत होती. रॉडनी कप घेऊन भावाजवळ आला.

"बापाने वाटणी झकास केली हं. मला चालवायला दिली, तुला झाकायला."

"अर्धी-अर्धी दिली."

"हो ना. कलिंगडासारखी. मला गर, तुला साल."

डेलने हातातला कप टेबलावर ठेवला. पाद्रीबाबांनी त्याला कप ठेवताना पाहिलं आणि ते लगबगीने स्वयंपाकघरात शिरले. पहिल्या ठोशाला रॉडनी पावाच्या टेबलावर आडवा झाला, दुसऱ्याला टेबलाचा पाय मोडला. रॉडनीने कॉफीची किटली उचलून डेलच्या कानशिलात हाणली. काळ्या कपड्यातल्या बायका भिंतीला चिकटल्या. सेल्मा मधे पडली नाही. तिने फक्त ताट उंच धरलं आणि म्हणाली, "कार्पेट भाड्याचं आहे."

त्या पहिल्या हिवाळ्यात डेलने बापाचा नियम पाळला. गाडी ठोकळ्यांवर चढवली. दर रविवारी कोठारात जायचा, चादर अर्धी उचलायचा आणि आत जाऊन बसायचा. चाकं नसलेल्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. हे रॉडनीला कळलं, मग सगळ्या रिंकला कळलं.

"काय डेल, काल कुठवर गेला होतास?"

"शिकागोपर्यंत गेला असेल. वाटेत उंदरांनाही सोडलं म्हणे."

"पेट्रोल किती लागलं रे?"

रिंकभर लोक हसले. डेल बुटांची नाडी आवळत राहिला. ती नाडी त्याच्या हातात तुटली, एवढंच मी पाहिलं.

पुढच्या नोव्हेंबरात पहिलं मीठ पडलं. टाकलं अर्थात डेलनेच. फेरी संपवून ट्रक आगारात लावला, घरी गेला, आणि तासाभरात निळी गाडी मुख्य रस्त्यावर आली. बर्फावर पकड धरणारे खिळ्यांचे टायर घातलेले, शेपूट हलकी पडू नये म्हणून मागे वाळूची पोती. आपणच टाकलेल्या मिठावरून तो स्वतःच्या बापाची गाडी चालवत होता, खिडकीची काच खाली करून, त्या थंडीत.

रॉडनी तो काम करायचा त्या लाकडाच्या वखारीतून धावत आला तो हातात हॉकीची काठी घेऊनच. गाडीसमोर उभा राहिला.

"उतर खाली! उतर म्हणतो ना!"

"का? महिना कुठला आहे?"

"मीठ दिसत नाही का रस्त्यावर? आंधळा आहेस?"

"मीच टाकलंय. मला नाही दिसणार तर कुणाला?"

"सडेल ती, गाढवा!"

"अंग फायबरचं आहे. फायबरला गंज चढत नाही."

"आणि खालचा सांगाडा? तो काय तुझ्या पडलेल्या दातांचा बनवलाय?"

डेल उतरला. रॉडनीची काठी त्याच्या बरगडीवर मोडली, तिचा तुकडा औषधांच्या दुकानाच्या काचेवर गेला. डेलने त्याला कॉलरला धरून बर्फाच्या ढिगात डोकं खाली पाय वर असा खुपसला, ओढून काढला आणि पुन्हा खुपसला. रॉडनीने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की मांस दिसलं. आम्ही गावकरी दुकानांच्या दारांत उभे. गंमत अशी की एवढ्या झटापटीत दोघांपैकी एकाचाही गाडीला धक्का लागला नाही. एकदा डेल तिच्या बॉनेटवर कोसळायला आला, तर रॉडनीनेच त्याला पट्ट्याला धरून बाजूला खेचलं आणि मग नाकावर मारलं.

तो हिवाळा तसाच गेला. रॉडनी दिसेल तिथे डेलला मारायचा आणि डेल त्याला. एका रविवारी डेलने रॉडनीच्या पिकअपच्या दोन्ही काचा घणाने फोडल्या. रॉडनीने डेलला दारूच्या गुत्त्यामागे गाठून तीन-चार मित्रांना धरायला लावलं आणि पोटात गुडघे मारले. सेल्मा रोज सकाळी दोघांनाही पेस्टीचे, म्हणजे मांस-बटाटे भरलेल्या मोठ्या करंज्यांचे, डबे द्यायची. एकाला मांस बारीक चिरून, कारण त्याचा जबडा उघडत नव्हता.

पण डेल काही मूर्ख नव्हता. जानेवारीत एकदा तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. वरचं निळं अंग आरशासारखं होतं. खाली सांगाड्याच्या जोडांवर नारिंगी पुटकुळ्या उठल्या होत्या. त्याने नखाने एक फोडली. आतून ओला भुसा निघाला. त्या दिवशी तो रिंकवर आला तेव्हा त्याने कॉफी मागितली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"रॉड खरं बोलत होता."

"मग ठेव ना कोठारात."

"ठेवली की माझे महिने संपले. मग बापाने मला काय दिलं? चादर?"

गाडी ठेवली तर त्याचे महिने गेले. चालवली तर गाडी गेली. या दोहोंतून त्याने एक तिसरी वाट काढली, आणि ती फक्त मिठाच्या ट्रकवाल्यालाच सुचली असती.

केरानेनांच्या कोठारापासून खाणीचा चढ लागतो, वर कबरस्तान, पलीकडे सरोवराकाठचा जुना रस्ता. तो सगळा डेलच्या फेरीत यायचा. बर्फ स्वतः गाडीला काही करत नाही. करतं ते मीठ. म्हणून चढाच्या पायथ्याशी आलं की डेल चकती बंद करू लागला. नांगर मारायचा, मीठ टाकायचा नाही. वाळूही नाही, कारण वाळूचा ढीग गोठून दगड होऊ नये म्हणून तीतही मीठ कालवलेलं असतं. मग दुपारी निळी गाडी काढायची आणि त्या दाबलेल्या पांढऱ्याशुभ्र रस्त्यावर एकट्याने फिरायचं. कबरस्तानापर्यंत, सरोवरापर्यंत आणि परत. चढावरच्या लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "यंत्र अडकतं तिथे." तो कधी खोटं बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस ऊन पडलं, चढावरचं बर्फ वितळून पाणी झालं आणि रात्रीत गोठलं. सकाळी तो रस्ता काचेसारखा चमकत होता. डेलने ट्रकमधून ते पाहिलं. अशा वेळी काय करायचं असतं हे त्याच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं? त्याचा हात चकतीच्या खटक्यावर गेला. मग त्याला त्या पुटकुळ्या आठवल्या. त्याने हात मागे घेतला.

दुपारी रॉडनीला वखारीत कुणीतरी सांगितलं की निळी गाडी चढावर गेली. रॉडनीने हातोडा उचलला.

"आज त्याची बोटंच ठेचतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मग बघू स्टिअरिंग कशाने धरतो ते."

तो नव्या काचा बसवलेल्या पिकअपमधून भरधाव निघाला. चढ चढला, आणि माथ्यावरून पलीकडे उतरताना त्याने ब्रेक दाबला. पिकअपने ऐकलं नाही. ती आडवी झाली, गोल फिरली आणि खाणीसाठी फोडलेल्या कातळावर नाकाने आदळली. इंजिन आत घुसलं.

डेल परतीच्या वाटेवर होता. तो आवाज त्याने सरोवराकाठी ऐकला. चढावर आला तेव्हा रॉडनी स्टिअरिंगमागे अडकला होता आणि इतका मोठ्याने शिव्या घालत होता की कावळे उडाले होते. डावा पाय क्लचजवळ लोखंडात चिणला गेला होता. दार उघडेना. डेलने रॉडनीचाच हातोडा उचलला आणि दार ठोकायला सुरुवात केली. हातांची सालटं निघाली, बिजागर तुटलं. मग कण्याच्या जोरावर पत्रा वाकवून त्याने पाय मोकळा केला. रॉडनी तेव्हा शुद्ध हरपून गप्प झाला. एवढ्या वर्षांत डेलने भावाला मारामारीत गप्प झालेला कधी पाहिला नव्हता.

डेलने त्याला निळ्या गाडीत घातलं आणि तो हॉस्पिटलकडे निघाला. हमरस्त्यावर मीठ पांढरं पसरलेलं, गाडीच्या पोटावर तडतड उडत होतं. पुलाजवळ रॉडनी शुद्धीवर आला.

"चढावर मीठ का नव्हतं?"

"यंत्र अडकलं."

"डेल."

"काय?"

"लहानपणापासून तुझं थोबाड बघतोय मी. मीठ का नव्हतं?"

डेलने गिअर बदलला. "मी बंद केलं होतं. गाडीसाठी."

रॉडनीने उजव्या हाताने त्याच्या घशावर ठोसा मारला. गाडी पुलाच्या कठड्याला घासता घासता वाचली. दुसरा मारला. डेल स्टिअरिंग सोडत नव्हता आणि हात वर करत नव्हता.

"समोरून मारायचंस ना भडव्या!" रॉडनी ओरडला आणि रडायला लागला. "समोरून! एवढी हाडं मोडलीस माझी, कधी तक्रार केली?"

डेलने स्वतःच रस्तेखात्याच्या मुकादमाला जाऊन सांगितलं. मुकादमाने त्याला ट्रकवरून उतरवलं आणि पुढच्या मोसमात पुन्हा चढवलं, कारण ती फेरी करायला दुसरं कुणी तयार होईना. गावातल्या काही जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सेल्माने टाकलं नाही, पण पेस्टी कुठल्या भावाला आधी द्यायची याचा घोळ तिच्या डोक्यातून गेला. ती आता आधी रॉडनीलाच द्यायची.

रॉडनीचा घोटा डॉक्टरांनी खिळे मारून कायमचा घट्ट केला. पाय टेकायला लागला, पण घोट्यात वाकेना. क्लच दाबणं संपलं. बर्फ वितळलं, पाऊस आला, रस्ते धुतले, रॉडनीचे महिने सुरू झाले आणि निळी गाडी कोठारातच उभी. मे महिनाभर डेल तिच्याखाली पडून होता. पाण्याचा फवारा मारायचा, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, काळा रंग द्यायचा. रॉडनी कुबडी टेकत यायचा.

"तूच चालव ना. मी शेजारी बसतो."

"तुझे महिने आहेत."

"मी सांगतोय ना चालव म्हणून."

"नको."

"लाज वाटते का?"

डेल गाडीखालून बाहेरच यायचा नाही.

उन्हाळा गेला. शरदात हॉकीचा सराव सुरू झाला, आणि डेल मारामारी करेना. रॉडनी आता बाकावरून ओरडायचा. बर्फावर आमच्या पोरांना कुणी पाडलं तरी डेल हातमोजे काढत नसे. शेजारगावच्या एका धटिंगणाने त्याच्या तोंडावर सरळ तीन ठोसे मारले. डेल उभाच. मग कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणी "म्हातारी झाली रे!" म्हणून ओरडलं. डेल स्वतःहून खोक्यात जाऊन बसला, शिक्षा नसताना.

"कॉफी?" मी विचारलं.

"नको."

"डेल, हात उचलत का नाहीस?"

त्याने हात माझ्यापुढे धरले. सांधे सुजून जुने बटाटे झालेले. "उठत नाहीत," तो म्हणाला. "उचलायला गेलो की तो पाय दिसतो."

पहिलं मीठ पडलं त्या दिवशी डेलने खाणीच्या चढावर एवढं मीठ टाकलं की तिथे कुत्री चाटायला जमली. दुपारी सेल्माने मला थर्मास देऊन कोठारात पाठवलं. दार उघडंच होतं. आत रॉडनी होता. त्याने एकट्याने, त्या पायाने, गाडी तयार केली होती. खिळ्यांचे टायर चढवलेले, मागे वाळूची पोती, किल्ली लावलेली.

डेल ट्रकचा कोट न काढताच आला आणि दारात थबकला.

"हे काय?"

"आजपासून तुझे महिने," रॉडनी म्हणाला. "काढ बाहेर."

"नाही. ठोकळ्यांवर चढवायची."

"चालव, मूर्खा! माझ्या वाट्याची मला चालवता येत नाही. तुझ्या वाट्याची तरी चालू दे."

"सडेल."

"सडू दे! बाप गेला, पाय गेला, आता हिला काय बरणीत घालतोस?"

"रॉड, बाजूला हो."

रॉडनीने कुबडी उलटी धरली आणि डेलच्या मांडीवर हाणली. पुन्हा हाणली. मग खांद्यावर. डेल कोटाच्या खिशात हात घालून उभा. रॉडनीचा चेहरा लालबुंद झाला.

"मार ना."

"नाही मारत."

"का? लंगड्याला मारत नाहीत म्हणून? दया येते माझी?" कुबडी फेकून देऊन तो एका पायावर डगमगत उभा राहिला. "सगळं गाव दार उघडून धरतं माझ्यासाठी. आई घास बारीक करून देते. बाकावरची पोरं मला 'साहेब' म्हणतात, ऐकलंस? साहेब! आता तूही? मग ठेव गाडी कोठारात आणि मलाही ठेव तिच्या बाजूला, चादर घालून. कुत्र्या, मार!"

त्याने डेलच्या तोंडावर थुंकी टाकली.

डेलने ती बाहीने पुसली. खिशातून उजवा हात काढला, आणि रॉडनीच्या जबड्यावर असा ठोसा मारला की तो काढून ठेवलेल्या चाकांवरून उलटा होऊन बटाट्यांच्या पोत्यांत पडला. माझ्या हातून थर्मास सुटला. मग रॉडनीने रक्ताची गुळणी टाकली, तोंडात बोट घालून चाचपलं आणि एक दात बाहेर काढून उजेडात धरला.

"हा चांगला होता रे," तो म्हणाला.

"माझे महिने," डेल धापा टाकत म्हणाला. "माझे महिने असतील तर मी ठरवणार. ना तू, ना बाप. मी तिला ठेवतोय. मला ती हवी आहे म्हणून ठेवतोय. कळलं?"

"कळलं. ओरडतोस कशाला?"

"ऊठ मग. मी जॅक लावतो. तू ठोकळा सरकव."

"मी लंगडा आहे."

"सरपटत ये."

रॉडनी खरंच सरपटत आला, शिव्या घालत, हनुवटीवरून रक्त ओघळत. डेलने जॅकचा दांडा दाबला. गाडी कण्हत वर उठली. रॉडनीने चांगल्या पायाने ठोकळा ढकलला.

"डावीकडे," डेल म्हणाला. "अजून. तुझ्या डावीकडे, बैला."